आत्यानं पाळलेला निकाल

माझ्या आत्याचं लग्न झालं होतं की नव्हतं, हे ठरवायला तालुक्याच्या कोर्टाला काही वर्षं लागली, आणि शेवटी ते झालं नव्हतं असं ठरलं. मी त्या लग्नात नवं परकर-पोलकं घालून मिरवले होते. बुंदीवरून चुलतभावाशी भांडले होते, आणि हळदीचे हात त्याच परकराला पुसले म्हणून आईचा धपाटाही खाल्ला होता. तो धपाटा मला अजून आठवतो. कोर्टाच्या कागदांप्रमाणे तो मला कुणी मारलाच नाही.

आमचं गाव निरवांगीच्या शिवाराला लागून. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, असं चालायचं. वडिलांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, ऊस लावला. गाव त्यांना तात्या म्हणे. वडिलांचा देवावर विश्वास होता तेवढाच, किंबहुना काकणभर जास्तच, कोर्टावर होता. त्याला कारण होतं. तरुणपणी मेंढरांच्या चोरीच्या एका खटल्यात ते साक्षीला गेले होते. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांचे पाय लटलटायला लागले, तेव्हा न्यायाधीशांनी शिपायाला सांगितलं, "त्यांना बसायला द्या, पाणी द्या." तोवर वडिलांना कुठल्या सरकारी माणसानं ओट्यावरसुद्धा बसू दिलं नव्हतं. हे पाणी त्यांना जन्मभर पुरलं. कुठं भांडण निघालं, की ते म्हणायचे, "कोर्टात जावा. तितं माणसाला माणूस म्हणत्यात."

आत्या त्यांची सगळ्यांत धाकटी बहीण. तिचं लग्न आमच्याच बिरोबाच्या देवळापुढं भरदुपारी लागलं. नवऱ्याच्या थोरल्या भावानं सुपारी फोडली, गावानं अक्षता टाकल्या आणि जेवणं उठली. फोटोवाला कुणी बोलावला नाही. पत्रिका छापायची पद्धत तेव्हा आमच्यात नव्हती. सांगावा धाडला की माणसं यायची. लग्न लावणारे म्हातारे पुढं वारले. एवढी माणसं जेवून गेल्यावर आणखी पुरावा लागेल, असं कुणाच्या मनात येणार?

आत्याचा नवरा आधी शेतीच करायचा. मग त्याला वालचंदनगरला कारखान्यात काम लागलं आणि चाळीत खोली मिळाली. खोलीवर आत्याला नेलं नाही. "आई-बापाचं कोण बघंल?" असं म्हणून तिला गावीच ठेवलं. तिला मूल झालं नाही, हे एक निमित्त होतंच. एका नागपंचमीला वडील तिला माहेरी घेऊन आले. सण झाला की सासरचं माणूस न्यायला येतं, तशी रीत. कुणी आलं नाही. आत्या रोज धुणं वाळत घालताना रस्त्याकडं बघायची. दसऱ्याच्या सुमाराला कळलं, की त्यानं दुसरं लग्न केलं. बँड लावून, मांडव घालून. त्या लग्नाचे मात्र फोटो होते.

वडील विचारायला गेले, तर आत्याचा नवरा समोर आलाच नाही. त्याचा थोरला भाऊ पुढं झाला. त्याला सगळे आबा म्हणत. वजनदार माणूस, चार गावांत शब्द चालायचा. तो म्हणाला, "तात्या, झालं ते झालं. समजुतीनं घ्या."

तेव्हा दोन्हीकडच्या पंचांनी एक तोड सुचवली. आमच्या लोकांत बेल-भंडारा उचलायची पद्धत आहे. बेलाचं पान आणि देवाची हळद तळहातावर घ्यायची आणि काय ते बोलायचं. त्या हातानं कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर वंश बुडतो, अशी धास्ती. बांध कोरणारे, मापात मारणारे, बायकोला बदडणारेही भंडारा समोर आला की पांढरेफटक पडलेले मी पाहिलेत. पंच म्हणाले, नवरा-बायकोला देवळात बसवू, नवऱ्याला भंडारा उचलायला लावू, आणि लग्न कबूल केलं की पुढचं ठरवू.

वडिलांनी साफ नकार दिला. "देवळात ठरलं ते गावापुरतं. उद्या त्यो खोलीत बसून म्हणंल, कोण बिरोबा? कोर्टाचा कागद कुठंबी चालतो."

आत्याला काय हवं होतं ते तिनं एकदाच सांगितलं, चुलीपुढं बसून, कुणाकडं न बघता. "मला त्याच्यात नांदायचं न्हाय, दादा. मी त्याची बायको व्हते, येवढंच कुणीतरी लिवून द्यावं. न्हायतर हितं भावाच्या दारात मी कोण म्हणून ऱ्हाऊ?" नवऱ्यानं टाकलेली बाई गावाला कळते. पण लग्नच झालं नव्हतं म्हटल्यावर तिची सासरची वर्षं कुठल्या खात्यात धरायची? लोक त्याला काय नाव देतात ते तिला पाठ होतं, आणि मलाही.

वकील म्हणाले, नुसतं लिहून देत नाही कोर्ट. पोटगीचा अर्ज करू, त्यात लग्न शाबीत होईलच.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते, राज्यशास्त्र घेऊन. तारखेच्या दिवशी एसटीनं थेट कोर्टात यायचे. पहिल्या दिवशी वडिलांनी कोर्टाच्या दारात चपला काढल्या. आत्यानंही काढल्या. शिपाई हसला आणि म्हणाला, "तात्या, घाला पायात. चोर समदे आतच हायत आज." आम्हीही हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

नंतर तारखा सुरू झाल्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी आमचे. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा बहिष्कार. एक न्यायाधीश अर्ज नीट वाचून दोन शब्द विचारायला लागले, तर त्यांची बदली झाली. नवे आले, त्यांना ढीगभर जुन्या कामांतून आमचं काम वर यायला वेळ लागला. मी कॉलेजात न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर टिपणं काढायचे आणि इथं बाकावर बसून भिंतीवरच्या पालीशी ओळख वाढवायचे. आत्या दरवेळी ठेवणीतलं लुगडं नेसायची. कोर्टापुढं बायकोसारखं दिसलं पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं होतं. हिरवा चुडा, ठसठशीत कुंकू. 

एकदाची तिची साक्ष निघाली. आमच्या वकिलांनी विचारलं त्याची उत्तरं तिनं छान दिली. मग समोरचे उठले. त्यांचा आवाज गोड होता.

"बाई, सप्तपदी झाली होती का?"

"ते काय आसतं?"

"अग्नीभोवती सात पावलं चाललात का?"

"न्हाय बा. आमच्यात तसं न्हाय. आमच्यात अक्षता पडल्या की झालं."

"होम केला होता का?"

"न्हाय."

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला: सप्तपदी झाली नाही, होम झाला नाही, हे खरे आहे. "आमच्यात तसं न्हाय" हे तिचं वाक्य त्या यंत्राच्या खडखडाटात कुठं गेलं, ते कुणालाच कळलं नाही. आमचे वकील कागद चाळत होते. त्यांनी तेव्हा उठायला हवं होतं. रूढीनं लागलेलं लग्नही लग्नच असतं, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, आणि त्यांना तर ते माहीत असायलाच हवं होतं. पण त्या दिवशी त्यांची आणखी तीन कामं होती. आत्या खाली उतरली ती समाधानानं. मला म्हणाली, "काय बी खोटं बोलले न्हाय बघ." मी काय सांगणार तिला!

मग साक्षीदार. घरी येऊन चहा पिऊन "आमी हाय की तात्या" म्हणणारी माणसं मोजून मूठभर कोर्टात उगवली. त्यातल्या आमच्या शेजाऱ्यानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, की जेवल्याचं आठवतंय, पण लग्न कुणाचं होतं ते ध्यानात नाही. हा माणूस आत्याच्या लग्नात पंक्तीत वाढायला होता. वडिलांची साक्ष झाली, पण ते पडले भाऊ. भावाच्या साक्षीला किती धरायचं ते समोरच्या वकिलांनी गोड आवाजात सांगून टाकलं.

आणि नवऱ्याच्या बाजूनं आबा आला. धुवट धोतर, कपाळाला अंगारा. "देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही," हे त्यानं शिपायापेक्षाही स्पष्ट म्हटलं.

"त्या बाकावर बसलेल्या बाईंना ओळखता?"

त्यानं आत्याकडं नीट निरखून पाहिलं. "न्हाय साहेब. आसंल त्यांच्या गावची कुणीतरी."

ह्या माणसाला आत्यानं वर्षानुवर्षं भाकरी करून घातली होती. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं हिनं निस्तरली होती. ती एकदम उठली. "भाऊजी, आवो मी..." एवढंच बोलली, तोवर शिपाई ओरडला, "ए बाई, खाली बस!" ती बसली. कुणी पाणी मागवलं नाही.

पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली आणि आजवर उतरली नाही, ती ह्यानं नव्हे. ती बाहेर आल्यावर गेली. कोर्टासमोरच्या टपरीवर आबा उभा होता. वडिलांना बघून त्यानं हात वर केला. "या तात्या, च्या घ्या." तोंडावर शरमेची रेघ नाही. वडिलांनी कप घेतला नाही, तर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "राग धरू नगा. कोर्टात बोलावंच लागतं तसं. धाकट्याची नोकरी हाय, घर मोडू द्यायचं का? हितं काय आपण भंडारा उचललाय?"

ते त्याला खोटं बोलणं वाटतच नव्हतं. नुसत्या त्याला नाही, कुणालाच वाटत नव्हतं. आमच्या शेजाऱ्यालाही नाही. कोर्ट म्हणजे वकिलांनी शिकवलेलं बोलायची जागा, जशी तमाशात सोंग आणायची जागा असते. सोंग उतरलं की माणूस पुन्हा भला. आम्ही आमचं खरं घेऊन अशा ठिकाणी गेलो होतो, की जिथं खरं बोलणं हे फक्त आमच्याच अंगावर येणार होतं.

निकालाच्या दिवशी वडील चपला घालूनच आत गेले. शिपायाच्या ते ध्यानातही आलं नाही. लग्न शाबीत होत नाही, सबब अर्ज नामंजूर. न्यायाधीशांना मी दोष देत नाही, निदान सगळा देत नाही. त्यांच्यासमोर जेवढं आलं त्यावर त्यांनी लिहिलं. आमचे वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाऊ. वडिलांनी नुसती मान हलवली, पण वर काही गेले नाहीत. आत्यानं मला निकालाचा कागद वाचायला लावला. मी वाचला. "म्हंजी मी त्याची कुणीच न्हाय?" "नाही, आत्या." तिनं तो कागद घडी घालून पेटीत तळाला टाकला.

पुढच्या चैत्रात बिरोबाची यात्रा भरली. आबा सहकुटुंब आला होता. देव दोन्ही गावांचा एकच. ढोल वाजत होते, भंडारा उधळत होता, सगळी माणसं पिवळी झाली होती. आणि त्या गर्दीतून आत्या सरळ आबापुढं जाऊन उभी राहिली. तिच्या तळहातावर बेलाचं पान होतं, त्यावर मूठभर भंडारा.

"भाऊजी, उचला. आन् म्हणा, मी हिला वळखत न्हाय."

आबा मागं सरला. "काय ह्ये बाई, सणासुदीचं..."

"उचला. कोर्टात बोलला, तेवढंच बोला."

ढोल थांबले. एवढा मोठा माणूस, पण त्याचा हात पुढं येईना. आबाची बायको मागनं त्याचं उपरणं धरून रडायला लागली, नातवंडांवर येईल म्हणून. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "व्हय. झालं लगीन. मीच सुपारी फोडली व्हती."

अख्ख्या यात्रेनं ऐकलं. आमचा शेजारी, तोच तो, छाती पुढं काढून म्हणाला, "आमी वाढायला व्हतो की तितं!" बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. म्हातारी माणसं एकमेकांना सांगत होती, बघा, देवापुढं खोटं टिकत न्हाय. सगळ्यांना फार बरं वाटत होतं. मला मात्र वाटत होतं, की ह्यांच्या हातातले ढोल घेऊन फोडावेत. जिथं त्या बोलण्यानं तिला काहीतरी मिळालं असतं, तिथं दातखीळ बसली होती. इथं काही द्यायचं-घ्यायचं नव्हतं, तर गावभर सत्याला पान्हा फुटला.

मी वकिलांकडं गेले. ते म्हणाले, देवळातलं बोलणं देवळात. ही माणसं कोर्टात येऊन हेच सांगणार असतील तर वरच्या कोर्टात काही धडपड करता येईल. मी घरोघर फिरले. प्रत्येकानं मला प्रेमानं बसवलं आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, "आता कशाला पोरी? देवापुढं झालं की खरं." त्यांच्या लेखी न्याय झाला होता. आबानं देवाला बोकड दिला आणि तोही सुटला.

अलीकडं न्यायव्यवस्था बळकट करण्यावर भाषणं होतात. मी शिक्षिका आहे, मलाही कधीमधी अशा कार्यक्रमांना खुर्ची भरायला बोलावतात. न्यायाधीश वाढवा, इमारती बांधा, लोकांचा विश्वास वाढवा. वाढवा बापडे. पण ज्यांचा विश्वास होता, त्या माझ्या वडिलांचं त्या इमारतीत काय झालं ते मी पाहिलंय. आणि विश्वास नसलेली माणसं तिथं जाऊन काय करतात, तेही पाहिलंय. ती आत येताना सत्य दारात काढून ठेवतात आणि जाताना पुन्हा पायात घालतात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एका सकाळी आमच्या दारात जीप थांबली. मी सुट्टीला घरी आले होते. आत्या अंगणात म्हशीसाठी कडवळ तोडत होती. जीपमधनं आबा उतरला, बरोबर भावकीतले दोघं. आबा थकला होता, काठी आली होती.

"तात्या," तो वडिलांना म्हणाला, "धाकटा गेला. पहाटंच. छातीत कळ आली."

वडील उठून उभे राहिले. मयताची बातमी म्हटली की वैर बाजूला, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी टोपी घातली.

आबा आत्याकडं वळला. "चल बाई. माती खोळंबलीय. पहिलीचा चुडा उतरल्याबिगर, कुंकू पुसल्याबिगर उचलता येत न्हाय. जाणती माणसं तसंच म्हणत्यात. पुढं-मागं त्याचा जीव अडकून ऱ्हायला नगं."

मी आत्याकडं पाहिलं. तिनं कोयता खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि अगदी शांतपणे विचारलं, "कुणाचा चुडा म्हणता, भाऊजी?"

"तुजा. आगं, तुजा नवरा गेला!"

"मला नवरा कुठला? तुमी शपत घिऊन सांगितलंत, मी ह्या बाईला वळखत न्हाय. आन् आता बिनवळखीच्या बाईला न्यायला जीप घिऊन आलात?"

"ते कोर्टातलं झालं की! हितं मयत पडलंय आन् तू... देवळात मी कबूल केलं न्हाय का?"

"देवळातलं देवाला सांगा. माझ्याजवळ कोर्टाचा कागद हाय." ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. कागद घेऊन ती बाहेर आली आणि तिनं तो आबापुढं धरला. आबाला वाचता येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. "ह्यात लिवलंय, मी त्याची कुणी न्हाय. वाचून दावाया सांगू का पोरीला?"

भावकीतला एक जण तोंडातल्या तोंडात काहीतरी वंगाळ बोलला. वडील कळवळून म्हणाले, "आगं, मयताला नगं आडवं लावू. चल, मी येतो संगं."

"दादा," ती म्हणाली, "कोर्टात जा म्हणून तूच सांगितलंस. आता कोर्टानं सांगितलेलं ऐकायला नगं?"

 वडिलांनी टोपी काढली. आबा काठी टेकत जीपमध्ये चढला आणि जीप वळून निघून गेली. आत्या कागद हातात धरून ओट्याशी उभी होती. वडील स्वतः माठाकडं गेले, तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढं धरला. "बस. पाणी घे," ते म्हणाले. ती घटाघटा प्याली आणि मग पुष्कळ वेळ रडली. कुणासाठी रडली ते मी विचारलं नाही.

तिनं चुडा उतरवला नाही. रोज सकाळी पूर्वीसारखंच कुंकू लावून ती कडवळ तोडायला जायची. गाव खवळलं. बाई निलाजरी झाली म्हणाले. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. मी शेजारणीला कारण विचारलं, जिच्या नवऱ्याला कोर्टात लग्न कुणाचं ते आठवलं नव्हतं तिलाच. ती आश्चर्यानं माझ्याकडं बघत म्हणाली, "आगं, असं काय करतीस? तिचा नवरा न्हाय का मेला!"